आधी रिकाम्या जागी

"आधी रिकाम्या जागी," असे म्हणून त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि उजव्या हाताचे पहिले बोट हवेत धरायच्या. वर्गातल्या दंगेखोर पोरांना मास्तरीणबाई धरतात तसे. समोर पोर कुणी नसायचे. समोर असायचो मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि एक मायक्रोस्कोप, ज्याला हात लावायला मी कित्येक महिने घाबरत होतो. बोट आम्हा दोघांसाठी असायचे.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. सही करण्याआधी तळहातावर रेघ ओढून पेन चालते का ते बघणारी, कुलूप विकत घेताना दुकानातच चार वेळा उघडून लावून बघणारी. आमच्या मॅडम त्या पंथातल्या होत्या, पण पंथाच्या महंत. चहासुद्धा आधी बशीत चमचाभर ओतून चाखायच्या आणि मग कपाला तोंड लावायच्या. मी एकदा म्हणालो, "मॅडम, चहाच आहे, विष नाही." तर म्हणाल्या, "पिल्याबिगर कसं कळंल?"

आमची प्रयोगशाळा एका कॅन्सर रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत आहे. मी तिथला मेणाचा माणूस. रुग्णाच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून आमच्याकडे येतो. त्या मेणाच्या ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याचे पापुद्रे काढणे हे माझे काम. कांद्याच्या सालीखाली जो पापुद्रा निघतो ना, तो माझ्या पापुद्र्यापुढे घोंगडी वाटेल. मॅडमचे काम माझ्यानंतरचे. त्या पापुद्र्यात चांगल्या पेशी असतात आणि वाईटही असतात, तांदळात खडे असावेत तशा मिसळलेल्या. मॅडमच्या मायक्रोस्कोपला लेझर जोडलेला होता. पडद्यावर वाईट पेशींभोवती रेघ ओढली की लेझर त्या रेघेवरून फिरायचा आणि तेवढाच तुकडा कापून खालच्या इवल्याशा टोपणात पाडायचा. मग त्या तुकड्याची पुढची तपासणी. मी त्यांना म्हणायचो, "आपण दोघे कापाकापीच्या धंद्यातले." त्यांना ते आवडायचे. पाहुण्यांना ओळख करून देताना त्या मला सरळ "आमचे कसाईदादा" म्हणायच्या.

या कामाला साधी काच चालत नाही. चौकटीवर ताणून बसवलेली एक पारदर्शक फिल्म लागते, भरतकामाच्या रिंगेत कापड ताणतात तशी. पापुद्रा तिच्यावर अंथरायचा. आणि खरी मेख पुढे होती. आपल्या डोळ्याला चित्र जिथे लख्ख दिसते, तिथेच लेझरचे टोक टेकते असे नाही.

"डोळ्याचा फोकस वेगळा, दादा, आन् लेझरचा वेगळा," मॅडम सांगायच्या. "दोघांचं जमवून द्यावं लागतं. सोयरीकच हाय ती."

"मग पत्रिका बघा."

"तेच करायलेय की!"

पत्रिका बघणे म्हणजे फिल्मवर जिथे पापुद्रा नाही, त्या रिकाम्या जागी एक गोल कापून बघणे. टिकलीपेक्षा कितीतरी लहान गोल. रेघ जाड आणि करपलेली आली तर फोकस चुकला. चाक केसभर फिरवायचे आणि पुन्हा गोल. रेघ बारीक आली की सोयरीक जमली, मग पेशींकडे वळायचे. बाकीचे लोक एखादा गोल कापून पुढे जातात. मॅडम चार-पाच कापायच्या. पण त्यांच्या हातून कधी कुणाचा नमुना जळाला नाही, म्हणून आम्ही त्यांच्या गोलांना हसायचो आणि मनातून निर्धास्त असायचो.

उन्हाळ्यात आणखी एक दुखणे. आपल्याकडची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, वाळत टाकलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो. अशा हवेत कापलेला तुकडा सरळ खाली पडत नाही. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, ती वीज त्यालाही धरते आणि तो भलतीकडे उडतो. यावर मॅडमनी यंत्राच्या खोलीत कोपऱ्यात एक माठ आणून ठेवला आणि त्याला ओला पंचा गुंडाळला. यंत्राच्या देखभालीला पुण्याहून इंजिनिअर यायचा. त्याने माठ बघून विचारले, "मॅडम, हे काय ठेवलंय?"

"मशीनचा पार्ट हाय," मॅडम म्हणाल्या. "पाणी पिता का?"

तो दोन पेले प्याला. त्यानंतर कधीही आला तरी खोलीत शिरल्याबरोबर आधी पार्टकडे जायचा.

आम्ही दोघे राहायलाही एकाच वस्तीत, पुंडलिकनगरात, दोन गल्ल्यांच्या अंतराने. माझी गाडी बंद पडली की मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसायचो. रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी त्या स्कूटी पळवायच्या आणि खच्चून ब्रेक दाबायच्या. मागे बसलेल्याचे नाक त्यांच्या हेल्मेटवर आपटायचेच. "रिकाम्या गल्लीत लागला तर मोठ्या रोडला लागंल," हे त्यावरचे स्पष्टीकरण. एकदा सगळा विभाग दौलताबादला सहलीला गेला. किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारापाशी मॅडमनी सगळ्यांना थांबवले, स्वतः चार पावले आत गेल्या, परत आल्या, आणि म्हणाल्या, "चला आता." गाइड म्हणाला, "बाई, रोज शेकडो लोक जात्यात इथून." मॅडम म्हणाल्या, "ते गेले असतील. मी नव्हते ना गेले."

त्यांचे लग्न झालेले नव्हते. विषय निघाला तर त्या स्वतःच हसून मोकळ्या व्हायच्या. "लग्नाचं रिकाम्या जागी करून बघता येत नाय ना, दादा. म्हणून ऱ्हायलं."

ही खोड कुठून आली ते मला पैठणला कळले.

पैठणला त्यांची थोरली बहीण राहायची. आक्का. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक खोली, खोलीत शिलाई मशीन, आणि दाराला पाटी: ब्लाऊज शिवून मिळतील, फॉल-पिको करून मिळेल. आमच्या हिची एक साडी घेऊन आम्ही मॅडमबरोबर गेलो होतो. आक्काच्या तोंडात टाचण्या होत्या. पुढे मी त्यांना अनेकदा पाहिले, पण पहिल्या भेटीत त्या बाई टाचण्यांच्या फटीतून इतके स्पष्ट बोलत होत्या की मी बघतच राहिलो.

"ही शाळंत होती तवाची गोष्ट," आक्का म्हणाल्या. "मी पाणी भराया गेले. हिनं एका बाईचं नवंकोरं कापड घेतलं आन् घातली सरळ कात्री. मला मदत करायली होती म्हणं! आल्यावर दिली एक पाठीत. म्हणलं, आधी चिंधीवर. चिंधीवर टीप मारायची, चिंधीवर कात्री चालवायची. कापड लोकाचं असतं बाई."

मॅडम बाजूला बसून शेंगा सोलत होत्या आणि लाजल्यासारख्या हसत होत्या. एवढी डॉक्टरेट मिळवलेली, परदेशात जाऊन लेझर शिकून आलेली बाई, तिथे आक्काची धाकटी होऊन बसली होती. आई लहानपणी गेलेली. शिक्षण सगळे आक्काच्या मशीनवर झालेले. परतताना गाडीत मॅडम आमच्या हिला म्हणाल्या, "आईनं जन्म दिला वैनी, पण मला शिवलं आक्कानं."

त्या आक्काला खोकला लागला. धुळीचा असेल, कापडाच्या तुसाचा असेल, असे करत दिवस गेले. मग दम लागायला लागला, पाठ दुखायला लागली. मॅडम त्यांना इथे घेऊन आल्या. छातीत गाठ निघाली, आणि ती एव्हाना एका जागी राहिलेली नव्हती. जन्मात तंबाखूला हात न लावलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर. आमच्याकडे असे रुग्ण येत असतात. आपले माणूस आले की मग खोकला हा शब्दसुद्धा वेगळा ऐकू येतो.

आता काय पणाला लागले होते ते नीट सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. या आजारात काही जणांच्या पेशींमध्ये एक ठरावीक बदल असतो. तो असला तर रोज एक गोळी घ्यायची. गाठ आकसते, झोपलेली माणसे उठून कामाला लागतात. आम्ही पाहिलेली आहेत. बदल नसला तर नेहमीची सलाइनमधून द्यायची औषधे, आणि ती सोसण्याची ताकद आक्कात उरली नव्हती. म्हणजे बदल आहे की नाही, एवढाच प्रश्न. तो तपासायला वाईट पेशी हव्यात, निवडलेल्या, चांगल्यांची भेसळ नसलेल्या. आणि आक्काच्या छातीतून सुईने निघालेला तुकडा होता शेवईच्या तुकड्याएवढा. त्यातला बराच निदानात संपला होता. रक्तावरची तपासणी केली, तिच्यात काहीच सापडले नाही. पुन्हा सुई घालायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. "त्यांचा श्वास टिकणार नाही," ते म्हणाले.

आपल्या माणसाच्या नमुन्याला आपण हात लावायचा नाही, असा आमच्याकडे न लिहिलेला नियम आहे. आमच्या विभागप्रमुखांनी ब्लॉक मुंबईला पाठवू या म्हणून सांगितले. मॅडम उभ्याच होत्या. म्हणाल्या, "सर, तिथं आक्का म्हंजे एक नंबर. नंबर रांगेत पडंल. इथं आक्का हाय."

सरांनी मुंबईचा फॉर्म बाजूला ठेवला. खरे सांगायचे तर मलाही मॅडमचेच पटले होते. या कामात त्यांच्याइतका सावध हात मला तरी दुसरा माहीत नव्हता.

ब्लॉक माझ्याकडे आला. मेणात एक पांढुरका ठिपका, बस्स. मी पाते बदलले, मेण बर्फावर गार केले, आणि मनातल्या मनात जे जे देव आठवले त्यांना हाका मारल्या. दोन पापुद्रे धड निघाले. तिसऱ्याच्या वेळी पात्याखाली नुसते मेण आले. दोन फिल्मवर दोन पापुद्रे अंथरले आणि मी मॅडमकडे नेऊन दिले. त्यांनी चष्मा वर केला, पण बोट उचलले नाही.

पहिली फिल्म त्यांनी त्याच दिवशी घेतली. ऊन असे होते की खिडकीच्या काचेला हात लाववत नव्हता. माठ भरलेला होता, पंचा ओला होता. गोल कापून झाले, रेघ सुंदर आली. पडद्यावर वाईट पेशींचा एक पुंजका दिसत होता, कोपऱ्यात दाटीवाटीने बसलेला. मॅडमनी त्याच्याभोवती रेघ ओढली. लेझर फिरला. तुकडा सुटला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आणि खाली पडायच्या ऐवजी तो बाजूला उडाला. पडद्यावर नुसते भोक राहिले.

"दादा, पाय उचलू नका," मॅडम म्हणाल्या.

मी जागच्या जागी खिळलो. त्यांनी टोपण तपासले, यंत्राच्या खालची बाजू तपासली, लेन्सभोवती ब्रश फिरवून तो तपासला. मग त्या जमिनीवर गुडघ्यांवर बसल्या. धुळीच्या कणाहून लहान तुकडा. तो कुणाला सापडणार होता? हे त्यांना माझ्याहून चांगले कळत होते. तरी त्यांनी चिकटपट्टी आणली आणि एकेका फरशीवर दाबून ती मायक्रोस्कोपखाली धरायला लागल्या. मीही खाली बसलो. दोन पोक्त माणसे भरदुपारी हातापायांवर रांगत फरशीला पट्ट्या चिकटवत होती. कुणी पाहिले असते तर पोट धरून हसले असते. पट्टीवर केस सापडले, कापसाचे तंतू सापडले, कुठले तरी परागकण सापडले. टेबलाच्या पायाशी पोहोचल्यावर मॅडम थांबल्या आणि अगदी हळू, जणू शेजारच्या खोलीत विचारावे तसे म्हणाल्या, "आक्का, कुठं गेलीस गं?"

त्या फिल्मवर उरलेले सगळे आम्ही सुईने खरवडून तपासणीला दिले. वाईट पेशी त्यात नावापुरत्या होत्या. उत्तर आले: नमुना अपुरा.

राहिली दुसरी.

त्या सकाळी त्या माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. एका माठाचे तीन माठ झाले होते, भिंतीवर ओल्या चादरी टांगल्या होत्या, आणि खोलीला पावसाळ्यातल्या घराचा वास येत होता. "आज उडणार नाय," त्या म्हणाल्या. यंत्राच्या कडेवर त्यांनी थोडा वेळ तळहात ठेवला. मग चाकाला हात घातला.

पहिला गोल जरा जाड आला. चाक फिरले. दुसरा बरा आला. तिसरा बारीक आला, मला तर केसासारखा दिसला.

"आली की बारीक," मी म्हणालो.

"अजून जराशी जाड वाटायलीय. एकदाच."

आणखी एक गोल. आणखी चाक. मध्येच दिवे मिणमिणले आणि सावरले. यंत्र चालूच राहिले, पण मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. फोकस हलला असेल! पुन्हा पहिल्यापासून. डावीकडचा कोपरा गोलांनी भरला, त्या उजवीकडे गेल्या. मी म्हणालो, "मॅडम, आता घ्या पेशींकडे." त्या म्हणाल्या, "घेते." आणि रिकाम्या जागी गोल कापला. त्यांचा हात पेशींच्या दिशेने जायचा, पडद्यावर या पापुद्र्यातला वाईट पेशींचा पुंजका मधोमध यायचा, आणि हात परत वळायचा. विहिरीच्या काठावर बैल अडतो तसे त्यांचे झाले होते. मी चहा आणला. तो त्यांनी बशीत ओतला आणि तिथेच निवला.

दुपारी केव्हातरी त्यांच्या तोंडून "अगं बाई" एवढेच आले.

पडद्यावर पेशींचे चित्र हलत होते. लख्ख व्हायचे, धूसर व्हायचे, पुन्हा लख्ख. मॅडमनी चाक पुढे नेले, मागे नेले. चित्र ठरेना. त्यांनी यंत्राच्या इंजिनिअरला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. त्याने दोन-चार गोष्टी विचारल्या, मग विचारले, "मॅडम, टेस्ट कट किती केलेत?"

मॅडमनी पडद्यावरचे गोल मोजायला घेतले आणि मध्येच सोडले.

"फिल्म सैल झालीय," तो म्हणाला. "चहूबाजूंनी एवढी कापली की ताण जातो तिचा. आता ती हवेनंही हलणार. फोकस नाही धरणार. दुसरी स्लाइड घ्या."

"दुसरी नाय," मॅडम म्हणाल्या.

"मग ब्लॉकमधून नवीन..."

"ब्लॉक नाय."

मग त्याने एक-दोन उपाय सांगितले, ते केले, काही झाले नाही. मी म्हणालो, "मॅडम, होईल तसा कापून तर बघा. काहीतरी हाती लागेल." त्यांनी नकारार्थी मान हलवली. "फोकस नसला तर कापत नाय दादा, जाळतो. आक्काला जाळू का मी माझ्या हातानं?" आणि त्यांनी यंत्राच्या टेबलावर डोके टेकवले.

त्या वेळी मला काय वाटले ते लपवत नाही. मला त्यांचा राग आला. इतका की ते माठ फोडावेसे वाटले. सगळ्या जगाचे नमुने न चुकता कापणारी बाई, आणि ऐन वेळी भीतीने हात आखडला. मग त्यांच्या पाठीकडे बघितले. ती हलत होती, आवाज मात्र नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. माझी बहीण त्या काचेवर असती तर मी पहिला गोलसुद्धा कापू शकलो नसतो.

सुईने खरवडावे तर त्या मूठभर पेशी चांगल्यांच्या गर्दीत बुडून गेल्या असत्या. ती फिल्म मग मुंबईला पाठवलीच. सैल फिल्मवर काही होणार नाही म्हणून त्यांनी ती हात न लावता परत केली.

आक्का तेव्हा पुंडलिकनगरात मॅडमच्या घरी होत्या. आक्काला सांगायला जाताना मॅडमनी मला बरोबर घेतले. आक्का पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, मांडीवर कुणाचा तरी ब्लाऊज, त्याला हुक लावत होत्या. एक हुक लावायचा आणि दम खायचा. मॅडम त्यांच्या पायाशी बसल्या आणि सगळे सांगितले. काही गाळले नाही, दिव्यांवर ढकलले नाही, हवेवर ढकलले नाही. "मी रिकाम्या जागी कापत बसले, आक्का. तुझ्यापतूर आलेच नाय."

आक्कांनी सुई ब्लाऊजला टोचून ठेवली.

"चिंधी लई वापरली व्हय?"

मॅडमनी मान डोलावली.

"चिंधी संपायच्या आत कापडाला हात घालावा लागतो, बाई," आक्का म्हणाल्या. दम लागला म्हणून थांबल्या. "ते सांगायचं ऱ्हायलंच बघ माझं. पाठीत दिली, आन् अर्धंच सांगितलं."

एवढे बोलून त्यांनी बहिणीची वेणी हातात घेतली आणि तिचे टोक नीट केले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पाऊसकाळ संपायच्या आत आक्का गेल्या. डॉक्टर मॅडमना समजावत होते, की तपासणी झाली असती तरी बदल नसताच निघाला कदाचित, गोळी लागू पडलीच नसती. मॅडमनी ऐकून घेतले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "नाय निघालं असतं तरी चाललं असतं, दादा. पण नाय म्हणणारं कुणीतरी पायजे होतं. आता मी जल्मभर कुणाला विचारू?"

तेरावा झाल्यावर मी आणि आमची ही पैठणला भेटून आलो. खोलीत शिलाई मशीनसमोर मॅडम बसल्या होत्या. आक्काकडे बायकांनी शिवायला टाकलेले ब्लाऊज तसेच पडून होते, ते त्या संपवत होत्या. बायका म्हणत होत्या, राहू द्या, कापडं परत न्यायला येतो. मॅडम ऐकत नव्हत्या. आम्ही बसलो असतानाच त्यांनी एक नवे कापड उचलले, जमिनीवर पसरले, मापाचा ब्लाऊज वर ठेवला आणि कात्री घातली. शेजारी चिंध्यांचे गाठोडे होते. तिकडे त्यांनी पाहिलेही नाही. आमची ही चटकन म्हणाली, "अहो, आधी चिंधीवर..." आणि तिने जीभ चावली.

"बिघडलं तर बिघडलं," मॅडम म्हणाल्या. कात्री चालतच होती.

त्या परत आल्या त्या राजीनामा घेऊनच. सरांनी खूप समजावले. मी मात्र, त्या फिल्मनंतर त्यांचा हात चाकावर येताना पाहिला होता. यंत्राचे झाकण काढायचे, खुर्चीत बसायचे, चाकापर्यंत हात न्यायचा आणि परत मांडीवर ठेवायचा. आता त्या पैठणलाच असतात, तिकडच्या कॉलेजात शिकवतात. आमच्या हिला सणावाराला फोन येतो. मला म्हणतात, "कसाईदादा, बरे हाय ना?" प्रयोगशाळेचे विचारत नाहीत.

त्यांच्या जागी नवी मुलगी आली आहे. चलाख आहे. एक गोल कापते, बघते, कामाला लागते. माठ तिने ठेवला, मीच भरतो. परवा ती खण आवरत होती. जुन्या काचा टाकून द्यायच्या का म्हणून तिने विचारले. त्यात आक्काची ती चौकट होती. मी ती घेऊन माझ्या साध्या मायक्रोस्कोपखाली धरली.

सगळी फिल्म गोलांनी भरली आहे. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, गोलाला गोल लागून. शेवटचे काही तर इतके बारीक आणि इतके सुबक आहेत की कुणालाही हेवा वाटावा. आणि मधोमध तो पापुद्रा आहे, कोपऱ्यातल्या त्या पुंजक्यासकट. सगळे गोल त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबले आहेत. आक्काला कुठेही साधा ओरखडा नाही.

"टाकू का?" मुलीने विचारले.

"नको," मी म्हणालो, आणि चौकट परत खणात ठेवली.